अंतःकरणाच्या शुद्धतेचा शोध : संत ऑगस्टीन यांचे जीवन

दरवर्षी २८ ऑगस्ट रोजी कॅथलिक ख्रिस्ती समाजात संत ऑगस्टीन यांचा स्मरणदिन पाळण्यात येतो. इ. स. ३५४ ते ४३० या काळात होऊन गेलेले हे धर्मगुरू उत्तर आफ्रिकेचे रहिवासी होते. विवाह, ब्रह्मचर्य, कामवासना आणि अंतःकरणाची शुद्धता यांविषयी पश्चिमेकडील ख्रिस्ती धर्माने जी शिकवण पुढे दीड हजार वर्षे दिली, तिची जडणघडण मुख्यतः त्यांच्या लेखणीतून झाली. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेले पोप लिओ चौदावे हे त्यांच्याच नावाच्या संघाचे सदस्य असल्याने त्यांचे नाव अलीकडे पुन्हा चर्चेत आले. मात्र ज्यांनी जगाला शुद्धतेचे धडे दिले, त्यांचे स्वतःचे तारुण्य कसे गेले, हे त्यांनीच मोकळेपणाने लिहून ठेवले नसते तर कदाचित कोणालाही कळले नसते.

ऑगस्टीन यांचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४ रोजी रोमन साम्राज्यातील तागास्ते या लहान गावी झाला. आज हे ठिकाण अल्जीरियामध्ये असून त्याचे नाव सूक अहरास आहे. वडील पॅट्रिशियस हे बेताची शेतजमीन असलेले नगरसभेचे सदस्य होते. ते जुन्या रोमन देवतांचे उपासक असून आयुष्याच्या अखेरीस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आई मोनिका मात्र निष्ठावंत ख्रिस्ती होत्या. पॅट्रिशियस स्वभावाने तापट होते आणि पत्नीशी एकनिष्ठही नव्हते. मोनिकांनी हे सारे मुकाट्याने सोसले आणि गावातील मार खाणाऱ्या इतर स्त्रियांनाही सबुरीचाच सल्ला दिला. मुलाने आईचा हा गुण गौरवाने नोंदवला आहे. आजच्या वाचकाला त्या गौरवात स्त्रीच्या सोशिकपणाचे फाजील कौतुक दिसल्यास नवल नाही.

मदौरा या जवळच्या गावी शिकत असताना पैशाअभावी त्यांना सोळाव्या वर्षी घरी परतावे लागले. ते वर्ष रिकामपणात गेले. सार्वजनिक स्नानगृहात मुलाच्या वयात येण्याच्या खुणा पाहून वडिलांना नातवंडांची स्वप्ने पडू लागली आणि त्यांनी ही वार्ता आनंदाने घरी सांगितली. आईला धास्ती वाटली. तिने मुलाला एकांतात बोलावून परस्त्रीपासून, विशेषतः दुसऱ्याच्या पत्नीपासून, दूर राहण्याची ताकीद दिली. मुलाने ते बायकी बोलणे समजून कानाआड केले. विवाह करून दिल्यास मुलाच्या शिक्षणात आणि उत्कर्षात अडथळा येईल, या विचाराने दोघांनीही लग्नाचा विषय काढला नाही. याबद्दलची नाराजी ऑगस्टीन यांनी पुढे प्रौढ वयात व्यक्त केली. याच वर्षी सवंगड्यांसह त्यांनी शेजारच्या मळ्यातील नासपती चोरल्या, त्या डुकरांपुढे टाकल्या, आणि भूक नसताना केवळ वाईट करण्याच्या मौजेसाठी आपण हे का केले, या प्रश्नाने पुढे त्यांना आयुष्यभर छळले.

रोमानियानस या धनाढ्य गृहस्थाच्या साहाय्याने ते पुढील शिक्षणासाठी कार्थेज येथे गेले. तेथे एका स्त्रीशी त्यांचा सहवास सुरू झाला व तो सुमारे पंधरा वर्षे टिकला. इ. स. ३७२ च्या सुमारास या दोघांना अदेओदातस नावाचा मुलगा झाला. नावाचा अर्थ देवदत्त. हा संबंध विवाह नव्हता, पण त्या काळच्या रोमन समाजात तो लाजिरवाणाही समजला जात नसे. सामाजिक दर्जा जुळत नसेल तेव्हा पुरुष अशी सहचारिणी ठेवीत आणि योग्य स्थळ मिळाले की तिला निरोप देत. इ. स. ४०० मध्ये स्पेनमधील तोलेदो येथे भरलेल्या धर्मसभेनेदेखील पत्नी नसलेल्या व एकाच सहचारिणीसह राहणाऱ्या पुरुषाला ख्रिस्तप्रसाद नाकारू नये, असे ठरवले होते. त्या काळात आपण तिच्याशी एकनिष्ठ राहिलो, असे ऑगस्टीन यांनी नमूद केले आहे. तिचे नाव मात्र त्यांनी कोठेही लिहिलेले नाही.

सिसेरोचा एक ग्रंथ वाचून एकोणिसाव्या वर्षी त्यांच्या मनात ज्ञानाची ओढ निर्माण झाली. पुढील नऊ वर्षे ते मानी या इराणी धर्मसंस्थापकाच्या पंथात श्रोता म्हणून वावरले. प्रकाश आणि अंधार ही दोन आदितत्त्वे असून शरीर हे अंधाराच्या बाजूचे आहे, असे हा पंथ मानी. त्यातील निवडक अनुयायी संपूर्ण ब्रह्मचर्य पाळत. श्रोत्यांना स्त्रीसहवासाची मुभा असे, परंतु संतती होऊ देणे अनिष्ट समजले जाई. आपल्या हातून पाप घडते ते आपल्यातील परक्या अंधारामुळे, ही समजूत तरुण ऑगस्टीन यांना सोयीची वाटली. कारण तिच्यात दोष स्वतःकडे येत नव्हता. पंथाचा विद्वान बिशप फॉस्टस भेटल्यावर मात्र त्याच्याकडे वक्तृत्व आहे, उत्तरे नाहीत, हे त्यांच्या ध्यानी आले.

तागास्ते आणि कार्थेज येथे अध्यापन केल्यानंतर इ. स. ३८३ मध्ये ते आईला चुकवून रात्रीच्या जहाजाने रोमला गेले. रोममधील विद्यार्थी शुल्क देण्याची वेळ येताच गुरू बदलत, असा अनुभव त्यांना आला. नगरप्रमुख सिमाकस यांच्या शिफारशीने इ. स. ३८४ मध्ये त्यांना मिलान येथे वक्तृत्वशास्त्राच्या अध्यापकाचे शासकीय पद मिळाले. मिलान हे तेव्हा राजदरबाराचे शहर होते. तेथील बिशप अँब्रोज यांची प्रवचने ते प्रथम केवळ भाषाशैलीसाठी ऐकू लागले आणि हळूहळू आशयाकडे वळले.

यानंतर जे घडले ते त्यांच्या चरित्रातील सर्वांत क्लेशदायक प्रकरण होय. मागोमाग मिलानला आलेल्या मोनिकांनी मुलासाठी प्रतिष्ठित घराण्यातील स्थळ निश्चित केले. वधू कायद्याने विवाहयोग्य होण्यास आणखी दोन वर्षे लागणार होती. रोमन कायद्यात मुलींसाठी हे वय बारा होते, म्हणजे ती दहा वर्षांची बालिका होती. विवाहात अडसर नको म्हणून पंधरा वर्षांच्या सहचारिणीला आफ्रिकेला परत पाठवण्यात आले. पुन्हा कोणत्याही पुरुषाचा सहवास करणार नाही, अशी प्रतिज्ञा करून ती गेली, आणि मुलगा बापापाशी राहिला. या ताटातुटीने आपले काळीज फाटून रक्तबंबाळ झाले, असा भाव ऑगस्टीन यांनी व्यक्त केला आहे. तरीही दोन वर्षे थांबणे त्यांना जमले नाही आणि त्यांनी मधल्या काळासाठी दुसरी स्त्री जवळ केली. तिने व्रत पाळले आणि आपल्याला ते जमले नाही, ही तुलना त्यांनी स्वतःच करून ठेवली आहे. परंतु तिला परत बोलावण्याचा किंवा तिच्याशीच विवाह करण्याचा विचार त्यांच्या मनात आल्याचे दिसत नाही.

इ. स. ३८६ च्या ऑगस्ट महिन्यात पाँतिशियानस या दरबारी अधिकाऱ्याने त्यांना इजिप्तमधील तपस्वी अँथनी यांची कथा ऐकवली. अशिक्षित माणसे मोह जिंकतात आणि आपण विद्वान असून वासनेच्या चिखलात रुतलो आहोत, या जाणिवेने त्यांची तगमग झाली. संयम हवा असे त्यांना तरुणपणापासून वाटत होते, पण तो इतक्यात मिळू नये, असेही मनाच्या तळाशी वाटत होते. घरामागील बागेत अंजिराच्या झाडाखाली ते रडत असताना शेजारून एका मुलाचा की मुलीचा आवाज आला. ते शब्द ग्रंथ उचलून वाचण्याची आज्ञा आहे, असा अर्थ त्यांनी घेतला. पौलाच्या पत्रांचा ग्रंथ उघडताच रोमकरांस लिहिलेल्या पत्रातील, भोगविलास सोडून ख्रिस्ताला धारण करण्याविषयीचा भाग समोर आला. त्यांचे मित्र अलिपियस तेव्हा सोबत होते. ऑगस्टीन यांनी विवाह आणि नोकरी या दोन्हींचा विचार सोडून दिला.

इ. स. ३८७ च्या ईस्टरला अँब्रोज यांच्या हस्ते ऑगस्टीन, अलिपियस आणि अदेओदातस या तिघांनी बाप्तिस्मा घेतला. मायदेशी परतण्यासाठी जहाजाची वाट पाहत असताना ओस्तिया बंदरात मोनिका यांचे वयाच्या ५६ व्या वर्षी निधन झाले. पुढच्या वर्षी ऑगस्टीन तागास्तेला परतले आणि वडिलार्जित घरात मित्रांसह मठवासी जीवन जगू लागले. अदेओदातस अतिशय बुद्धिमान होता. वडिलांच्या एका संवादग्रंथात तो वडिलांशी बरोबरीने वाद करताना दिसतो. त्याचा मृत्यू सतराव्या वर्षाच्या आसपास झाला.

इ. स. ३९१ मध्ये हिप्पो या बंदराच्या गावी गेले असता तेथील जमावाने त्यांना अक्षरशः पकडून धर्मगुरुपदाची दीक्षा घेण्यास भाग पाडले. पाच वर्षांच्या आतच ते तेथील बिशप झाले. आजच्या अल्जीरियातील अन्नाबा हे शहर म्हणजेच जुने हिप्पो. पुढील आयुष्य त्यांनी तेथेच घालवले.

धर्मगुरू झाल्यावर त्यांनी हाती घेतलेल्या पहिल्या मोठ्या कामांपैकी एक म्हणजे मत्तयच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाचे भाष्य. येशूने या प्रवचनात शुद्ध अंतःकरणाचा संबंध देवदर्शनाशी जोडला आहे आणि कामुक दृष्टीने स्त्रीकडे पाहणाऱ्याला मनातल्या व्यभिचाराचा दोषी ठरवले आहे. ही शिकवण शब्दशः घेतली तर निर्दोष कोण उरेल, असा प्रश्न सामान्य श्रोत्याला पडणे स्वाभाविक होते. ऑगस्टीन यांनी त्यासाठी पापाच्या तीन पायऱ्या सांगितल्या. आठवणीतून किंवा डोळ्यांवाटे एखादी कल्पना मनात येते, ही पहिली पायरी. त्या कल्पनेने सुख वाटते, ही दुसरी. आणि मन त्या सुखाला होकार देते, ही तिसरी. नुसती कल्पना येण्यात पाप नाही आणि वाटलेले सुख आवरले तरी माणूस जिंकतो. होकार दिला की मात्र कृती घडो वा न घडो, पाप हृदयात पूर्ण झालेले असते. हृदयातील पाप, कृतीतील पाप आणि सवयीचे पाप यांची तुलना त्यांनी येशूने जिवंत केलेल्या तीन मृतांशी केली. त्या तिघांपैकी एक मुलगी अजून घरातच होती, एका तरुणाला वेशीबाहेर नेले होते आणि लाजर कबरीत चार दिवस पडून होता. सवयीच्या कबरीत पडलेल्यालाही आशा आहे, हे त्यांना सांगायचे होते. त्यांच्या दृष्टीने शुद्ध हृदय म्हणजे दुटप्पीपणा नसलेले, सरळ हृदय. लोकांच्या वाहवेसाठी पाळलेले ब्रह्मचर्य त्या व्याख्येत बसत नव्हते.

इ. स. ३९७ नंतर त्यांनी तेरा भागांत लिहिलेल्या 'कन्फेशन्स' या ग्रंथात हाच निकष स्वतःला लावला. बिशपने आपल्या गतायुष्यातील स्त्रीसंबंधांविषयी लिहावे, हेच त्या काळी धक्कादायक होते. पण दहाव्या भागात त्यांनी त्याहून अवघड कबुली दिली. जागेपणी जिंकलेल्या वासना स्वप्नात परत येतात आणि झोपेत मन त्यांना होकारही देते, मग झोपेतला मी हा मीच नव्हे काय, असा पेच त्यांनी मांडला. वयाची चाळिशी ओलांडलेल्या, अधिकारपदावरील धर्मगुरूने हे लिहावे, यात त्यांचा प्रामाणिकपणा दिसतो.

हिप्पोच्या चर्चमध्ये त्यांची प्रवचने उभे राहून ऐकणारे शेतकरी, खलाशी आणि व्यापारी होते. यातील पुरुषमंडळींना त्यांनी वारंवार एकच गोष्ट सुनावली. पत्नीकडून ज्या पातिव्रत्याची अपेक्षा करता, ते स्वतः का पाळत नाही? पत्नीचा पाय घसरला तर तिला न्यायालयात खेचता आणि स्वतः घरातील दासीशी संबंध ठेवून तो मालकाचा हक्क समजता, हे देवाच्या कायद्यात बसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. रोमन कायद्याने विवाहित स्त्रीचा व्यभिचार हा गुन्हा ठरवला होता, तर दासीशी असलेल्या पुरुषाच्या संबंधाची दखलही घेतली नव्हती. त्यामुळे ही शिकवण अनेकांना रुचली नाही. स्त्रियांनी या बाबतीत पतीची तक्रार चर्चकडे आणावी, असेही त्यांनी सांगितले. दासीप्रथेलाच त्यांनी हात घातला नाही, ही मर्यादा येथे नमूद करावी लागेल.

इ. स. ४०१ च्या सुमारास त्यांनी विवाहाच्या चांगुलपणावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्या वेळी एका बाजूला विवाह आणि ब्रह्मचर्य समान दर्जाचे आहेत, असे प्रतिपादणारा जोविनियन होता. दुसऱ्या बाजूला त्याचे खंडन करताना जेरोम यांनी विवाहालाच जवळपास हीन ठरवले होते. ऑगस्टीन यांनी मधला मार्ग काढला. ब्रह्मचर्य श्रेष्ठ, परंतु विवाहही चांगला, आणि त्याचे चांगुलपण संतती, निष्ठा व पवित्र बंधन या तीन गोष्टींत आहे. कॅथलिक चर्चची विवाहविषयक मांडणी पुढे याच तिहेरी सूत्रावर उभी राहिली. याच ग्रंथात एक लहानसा भाग आहे. श्रीमंत किंवा मानाचे स्थळ मिळेपर्यंत एखाद्या स्त्रीला जवळ ठेवणारा पुरुष मनाने व्यभिचारी आहे, आणि तो दुसऱ्या विवाहाला गेल्यावरही निष्ठेने एकटी राहणाऱ्या स्त्रीला आपण सहजासहजी व्यभिचारिणी म्हणू धजणार नाही, असा त्याचा आशय आहे. नाव घेतलेले नाही. परंतु मिलानहून परत पाठवलेल्या स्त्रीची आठवण झाल्याशिवाय हा भाग वाचता येत नाही.

२४ ऑगस्ट ४१० रोजी अलारिकच्या गॉथ सैन्याने रोममध्ये प्रवेश केला आणि तीन दिवस शहर लुटले. अनेक स्त्रियांवर, त्यांत ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेल्याही होत्या, बलात्कार झाले. काहींनी अब्रू वाचवण्यासाठी जीव दिला. जुन्या परंपरेचे रोमन लोक जिवंत राहिलेल्या ख्रिस्ती स्त्रियांची हेटाळणी करू लागले. रोमन समाजापुढे ल्युक्रेशिया या प्राचीन कुलीन स्त्रीचा आदर्श होता. राजपुत्राने बलात्कार केल्यावर तिने खंजिराने स्वतःला संपवले होते. इ. स. ४१३ मध्ये लिहावयास घेतलेल्या 'देवाचे नगर' या २२ भागांच्या ग्रंथाच्या आरंभीच ऑगस्टीन यांनी या हेटाळणीला उत्तर दिले. पावित्र्य हा मनाचा गुण असून मनाची संमती नसताना शरीरावर झालेला अत्याचार ते हिरावून घेऊ शकत नाही, अशी त्यांची भूमिका होती. दोष सर्वस्वी करणाऱ्याचा. ल्युक्रेशिया निर्दोष असेल तर तिने एका निर्दोष स्त्रीचा जीव घेतला, आणि तो शुद्धतेच्या नव्हे तर लोकलज्जेच्या पोटी घेतला, असे त्यांनी निदर्शनास आणले. डोंगरावरील प्रवचनाच्या भाष्यात वासनेला दोषी ठरवणारी संमतीची कसोटीच येथे पीडितेला निर्दोष ठरवण्यासाठी वापरली गेली. या विवेचनात पीडित स्त्रियांच्या मनातील छुप्या अहंकाराविषयी त्यांनी काढलेले उद्गार मात्र अनावश्यक होते. तसे असले तरी, अत्याचारानंतर स्त्रीने मरणेच श्रेयस्कर असे मानणाऱ्या जगात तिच्या जगण्याच्या बाजूने इतक्या स्पष्टपणे लिहिणारे त्या काळी फार थोडे होते.

आयुष्याची शेवटची दोन दशके वादात गेली. ब्रिटनमधून आलेले तपस्वी पेलाजियस माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने सदाचारी होऊ शकतो, असे शिकवीत. ऑगस्टीन यांचा स्वानुभव याच्या नेमका उलट होता. देवाच्या कृपेवाचून इच्छाशक्ती पांगळी आहे, असे ते मानीत. इ. स. ४१८ मध्ये पेलाजियस यांचे मत धर्मबाह्य ठरवण्यात आले, तेव्हा इटलीतील एक्लानमचे तरुण बिशप ज्युलियन यांनी तो निर्णय मान्य केला नाही व त्यांना पद गमवावे लागले. ज्युलियन स्वतः बिशपचे पुत्र होते व त्यांचा विवाह झालेला होता. कामेच्छा ही देवाने दिलेली नैसर्गिक शक्ती असून तिचा अतिरेक तेवढा वाईट, असे त्यांचे मत होते. आदामाच्या आज्ञाभंगानंतर माणसाचे शरीर त्याच्या इच्छेला जुमानत नाहीसे झाले आणि कामवासनेचा बेलगामपणा हे त्याचेच चिन्ह आहे, असे ऑगस्टीन यांचे उत्तर होते. मूळ पाप प्रत्येक बालकाला जन्मतःच मिळते, हा सिद्धांत त्यांनी याच्याशी जोडला. तुम्ही मानीचा पंथ सोडलाच नाही, असा आरोप ज्युलियन यांनी केला. हा आरोप पूर्णतः खरा नव्हता, कारण शरीर हे देवाची निर्मिती म्हणून चांगलेच आहे, यावर ऑगस्टीन ठाम होते. तथापि, विवाहातील शरीरसुखाकडेही संशयाने पाहण्याची जी सवय पाश्चात्त्य ख्रिस्ती जगाला शतकानुशतके जडली, तिचे श्रेय वा दोष बहुतांशी या वादातील त्यांच्या लेखनाकडे जातो. पूर्वेकडील चर्चने मूळ पापाचा हा अर्थ तितक्याशा प्रमाणात स्वीकारला नाही.

त्यांचे शिष्य आणि चरित्रकार पोसिदियस यांनी त्यांच्या घरातील वातावरण नोंदवून ठेवले आहे. जेवणात चमचे तेवढे चांदीचे, बाकीची भांडी माती, लाकूड किंवा संगमरवराची असत. गैरहजर व्यक्तीची निंदा करणाऱ्याला या मेजावर स्थान नाही, अशा अर्थाच्या ओळी मेजावर कोरल्या होत्या. घरात स्त्रियांना राहण्यास मनाई होती आणि सख्खी बहीण व पुतण्याही त्याला अपवाद नव्हत्या.

इ. स. ४२९ मध्ये वांडाल टोळ्या स्पेनमधून आफ्रिकेत उतरल्या व पुढील वर्षी त्यांनी हिप्पोला वेढा घातला. वेढ्याच्या तिसऱ्या महिन्यात ऑगस्टीन तापाने अंथरुणाला खिळले. दावीदाची पश्चात्तापाची स्तोत्रे मोठ्या अक्षरांत लिहवून त्यांनी ती भिंतीवर लावून घेतली. वैद्य येण्याची आणि जेवण आणण्याची वेळ सोडल्यास कोणीही खोलीत येऊ नये, असे सांगून सुमारे दहा दिवस ते ती स्तोत्रे वाचत व अश्रू ढाळत पडून राहिले. २८ ऑगस्ट ४३० रोजी, वयाच्या ७६ व्या वर्षात, त्यांचे निधन झाले. मालमत्ता नसल्याने मृत्युपत्र नव्हते. ग्रंथालय जपावे, एवढीच सूचना होती. शहर नंतर पडले, परंतु ग्रंथ वाचले. त्यांच्या अस्थी आज इटलीतील पाविया येथे आहेत.

भारतात ऑगस्टीन संघाचे धर्मगुरू इ. स. १५७२ मध्ये गोव्यात आले. जुन्या गोव्यातील पवित्र टेकडीवर त्यांनी बांधलेले चर्च इ. स. १८३५ नंतर ओस पडले आणि १८४२ मध्ये त्याचे छत कोसळले. सुमारे ४६ मीटर उंचीच्या मनोऱ्याचा अर्धा भाग तेवढा आज उभा आहे. त्यातील मोठी घंटा इ. स. १८७१ मध्ये पणजीच्या चर्चमध्ये नेण्यात आली. याच अवशेषांत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाला जॉर्जियाच्या राणी केतेवन यांच्या अस्थी सापडल्या. जुलै २०२१ मध्ये भारताने त्यांतील एक भाग जॉर्जियाला भेट दिला.